कालच्या तारखेत आलेल्या अकरा बाया

पंचफुला मावशीला चरखा मिळाला नाही, आणि तो माझ्यामुळे मिळाला नाही.

असं काही झालेलं नाही. दारव्ह्याच्या आमच्या प्रकल्प कार्यालयात एक फाईल आहे. तिच्या शेवटच्या पानावर "प्रक्रिया सुरळीत पार पडली" असं लिहिलंय, खाली दोन सह्या आहेत आणि एक शिक्का आहे. तो उलटा बसलाय, पण शिक्का आहे. तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा, मी लिहिलं नाही असं समजतो. आपण सुरळीतपासून सुरुवात करू.

साल सतराचं. त्या साली बोंडात अळी होती आणि दवाखान्यात माणसं. फवारणीचं औषध अंगात भिनून धडधाकट लोक खाटेवर पडत होते. पंचफुला मावशी आमच्या शेजारची. तिनं पंप कधी पाठीवर घेतला नाही. ती फक्त डोक्यावरून पाणी आणायची आणि ड्रममध्ये औषध काडीनं ढवळायची. सप्टेंबरात एक दिवस ती काडी हातात धरूनच खाली बसली. नऊ दिवसांनी दवाखान्यातून परत आली ती खोकला आणि धुरकट डोळे घेऊन. डॉक्टरनं सांगितलं, दोन वर्षं फवारलेल्या पिकात पाय ठेवायचा नाही. आमच्या गावात फवारलेलं पीक नाही अशी एकच जागा आहे, डांबरी रस्ता. त्यावर मजुरी मिळत नाही.

तिची मुलगी ममता नववीत होती. शेतातलं काम बंद तर दोघींनी पुसदकडे विटभट्टीवर जायचं, असं मावशीच्या भावानं ठरवून टाकलं होतं. मावशीनं त्याला थांबवून ठेवलं होतं, कारण आमच्या प्रकल्पाचे चरखे येणार होते.

कपाशीवर भागत नाही तर कपाशीतूनच बायकांना दुसरं काहीतरी काम द्यावं, असा हा प्रकल्प. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये उन्हावर चालणारे वीस चरखे बसवायचे. डोक्यावर छप्पर, बुडाखाली स्टूल, समोर सूत. फवारा नाही. मावशीला याहून जास्त काही नको होतं.

नियम तीन होते. जी आधी नोंदणी करेल तिला आधी चरखा. नोंदणी अंगठ्याच्या मशीनवर, एक डिसेंबरपासून. आणि तिसरा, मुदतीपूर्वी आलेले अर्ज बाद. हा तिसरा नियम चांगल्या हेतूनं आला होता. आधीच्या एका योजनेत शिलाई मशीनसाठी चौदा बायांचे अर्ज योजना जाहीर व्हायच्या आधीच येऊन पडले होते, आणि चौकशीत चौदाही जणींचा दीर एकच निघाला होता.

मी त्या कार्यालयात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. नाव संघदीप. गंभीर तोंडानं मस्करी करणारा म्हणून माझा गावात लौकिक आहे. एकदा मी सांगितलं होतं की ग्रामपंचायतीची मोटर आता मोबाईलवरून चालू होणार. लोक हसले. तीन महिन्यांनी खरंच झाली, तर मस्करी फार लांबवली म्हणून लोक माझ्यावरच चिडले.

"मावशी, एक तारखेले सगळ्याच्या आंधी ये," मी तिला सांगितलं. "वीसच चरखे हायेत. दुपारी आली तं हात हलवत जाशीन."

"किती वाजता येऊ?"

"ज्या वाजता दुसरं कोणी येणार नाही त्या वाजता."

"तुह्यं हापिस तं दहाले उघडते."

"हापिस दहाले उघडते. तारीख रात्री बाराले उघडते."

हा विनोद होता. मावशीनं तो सूचना म्हणून घेतला. तीस नोव्हेंबरच्या शेवटच्या जीपनं ती दारव्ह्याला आली आणि आमच्या वरांड्यात गोधडी पसरून झोपली. तिला बघून जीपमधल्या बाया उतरल्या, त्यांना बघून आणखी दोघी आल्या. अशा अकरा झाल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मी पोचलो तर चौकीदार बाबूसिंग दारातच उभा, छाती पुढं काढून.

"अबे संघदीप, अकरा बाया निपटवल्या म्या."

"निपटवल्या म्हंजे?"

"थंडीनं कुडकुडून राह्यल्या होत्या बिचाऱ्या. एक तं खोकलून खोकलून जीव काढून राह्यली होती. म्या म्हटलं, मशीनले काय, तिले थोडीच झोप येते! साडेचारले बटन दाबलं अन् एकेकीचा अंगठा लावला. पाचच्या आत साऱ्या मोकळ्या. मंग मशीन चालूच ठेवली, येईन तिचा अंगठा."

ती खोकणारी म्हणजे मावशी. पहिला नंबर तिचाच लागला होता. मी बाबूसिंगला मिठी मारली. या गोष्टीत वाईट माणूस कोणी नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. शोधून बघितलाय.

आता मशीनविषयी. अंगठ्याच्या मशीनला तारीख कळत नाही. तिला फक्त सेकंद कळतात. एक जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले एवढंच ती मोजत बसते. तीच तारीख का, असं मला बरेच जण विचारतात. माझा अंदाज असा की कॉम्प्युटरलाही कोणीतरी उशिरा शाळेत घातलं असणार आणि गुरुजींनी आपल्या मनानं जन्मतारीख टाकली असणार. आमच्या तालुक्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत ती अशीच.

तर मशीनमधून फाईल निघते तेव्हा माणसाच्या नावापुढं दहा आकडी संख्या असते. पंचफुला मावशीपुढं होती १५१२०८२९३७. हे वाचून कोणालाही काही कळत नाही, म्हणून मला ठेवलेलं. संख्येची तारीख करायची आणि यादी छापायची. इंटरनेटवरून मी एक सूत्र उतरवून घेतलं होतं: संख्येला ८६४०० नं भागा आणि २५५६९ मिळवा. कॉलमवर माउस ओढला की सगळ्या संख्या माणसात येतात.

पाच तारखेला नोंदणी संपली आणि मी माउस ओढला. पहिल्या अकरा ओळींत तीस नोव्हेंबर आली. बाराव्या ओळीपासून एक डिसेंबर.

आमचे कार्यालय अधीक्षक यज्ञेश्वरराव पुराणिक समोरच्याच टेबलावर बसत. यवतमाळच्या जुन्या घरातले. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, हेही कचेरीत. एप्रिलात सुटणार होते. मी त्यांना म्हटलं, "साहेब, पहिल्या अकरा बाया एक तारखेले आल्या, अन् हे तीस दाखवून राह्यलं."

"किती वाजता आल्या?"

"पहाटे. साडेचार ते पाच."

यज्ञेश्वररावांनी ड्रॉवर उघडला, पंचांग काढलं, बोट ओलं केलं. "सूर्योदय सहा पस्तीस," ते म्हणाले. "मग बरोबर आहे की रे. सूर्य उगवेपर्यंत कालचाच दिवस असतो. रात्री बाराला तारीख बदलते ती इंग्रजांची. बारावी बाई कधी आली?"

"पहिल्या जीपनं. सहा पन्नासले."

"तिची तारीख?"

"एक."

"मग झालं तर!" त्यांनी पंचांग मिटलं. "तुझ्या कॉम्प्युटरला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

आमच्या घरात पंचांग नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली जे जे घराबाहेर काढलं त्यात ते होतं. साठ वर्षांनी ते एक्सेलमधून परत आलं आणि मी त्याला बसायला खुर्ची दिली. कारण काय, तर गोष्ट फार मजेदार होती. सरकारी अंगठ्याचं मशीन सूर्योदय बघून दिवस बदलतं! आणि बाराव्या बाईचा पुरावा इतका चोख की आणखी काय बघायचं? गंमत हाती लागली की मी ती तपासत नाही, लगेच वाटायला काढतो. त्या दिवशी मी चहाच्या टपरीवर सांगितलं, बाबूसिंगला सांगितलं, फोन करून एका मित्राला सांगितलं.

तिसरा नियम मला आठवला होता का? आठवला होता. चहा पिताना आठवला. "मुदतीपूर्वी आलेले अर्ज बाद" हे शब्द ग्लासातल्या माशीसारखे वर आले. पण तोवर माझा हा किस्सा चौघांना सांगून झाला होता आणि पाचवा समोरून येत होता.

मग छपाई केली. कॉलममध्ये तारीख आणि वेळ दोन्ही ठेवली तर कागदावर मावत नव्हतं, शेवटचा रकाना बाहेर जात होता. मी वेळ काढून टाकली. यादी सुबक दिसली. यवतमाळला गेली.

बारा तारखेला ती परत आली. यवतमाळच्या कार्यालयानं पहिल्या अकरा नावांपुढं "मुदतपूर्व – अपात्र" असं लिहून नंबर बारा ते एकतीस अशा वीस बायांना चरखे दिले होते. म्हणजे ज्या बाया सकाळी आरामात चहा पिऊन, कुकरची शिट्टी ऐकून आल्या त्यांना चरखे. ज्या थंडीत वरांड्यात झोपल्या त्या अपात्र.

मावशी आली तेव्हा यादी भिंतीवर लावून तासही झाला नव्हता. तिला अक्षरं दिसत नव्हती, म्हणून तिनं पहिल्याच नावावर बोट ठेवलं आणि मला बोलावलं.

"जय भीम मावशी."

"जय भीम. माह्या नावापुढं काय लिवलं हाय?"

"मुदतपूर्व."

"म्हंजे?"

"मुदतीच्या आंधी आली, असं."

"किती आंधी?"

"एक दिवस."

तिनं यादीवरचं बोट उचललं. "मी तं तू सांगतलं त्याच तारखेले अंगठा लावला. उशिरा आलेल्याले हाकलतेत हे मले ठाऊक हाय, साऱ्या जिंदगीत तेच पाह्यलं. लवकर आलेल्याले हाकलाचा कायदा कधी निंगाला बाप्पा?"

"वरून आलं मावशी."

वरून हा आमच्याकडे फार सोयीचा शब्द आहे. पाऊस वरून येतो. अळीचा पतंग वरून येतो. साहेबांचा फोन वरून येतो. वरून आलं म्हटलं की माणूस भांडण थांबवतो, कारण वर बघून भांडलं तर मानच दुखते.

"तू होता ना हापिसात?"

"होतो."

"तूनं काही म्हटलं नाही?"

"वरूनच आलं, मावशी."

ती "बरं" म्हणाली आणि पदर तोंडावर धरून खोकत निघून गेली. ते "बरं" मला अजून ऐकू येतं. त्यात राग असता तर मी झोपलो असतो.

ती गेल्यावर मी फाईल उघडली आणि जो रकाना मीच अरुंद केला होता तो ओढून रुंद केला. तारखेशेजारी वेळ आली. ३०-११-२०१७, २३:०२. रात्रीचे अकरा वाजून दोन मिनिटं.

मी बाबूसिंगला हाक मारली. "तीस तारखेच्या रात्री अकराले बाया होत्या काय इथं?"

"होत्या ना. वरांड्यात झोपून राह्यल्या होत्या."

"अन् मशीन?"

"मशीनबी झोपली होती. कुलपात."

"तूनं उठवली किती वाजता?"

"सांगतलं ना बे, साडेचारले! मोबाईलवर पाहून उठवली. चार बत्तीस झाले होते म्हण."

अकरा दोन ते चार बत्तीस. मी बोटांवर मोजलं, मग कॅल्क्युलेटरवर मोजलं, मग परत बोटांवर, कारण कॅल्क्युलेटरवर माझा विश्वास उरला नव्हता. साडेपाच तास. नेमके साडेपाच.

ज्या पानावरून सूत्र घेतलं होतं ते परत उघडलं. सूत्राच्या खाली आणखी एक ओळ होती. सेकंद मोजले जातात ते इंग्लंडातल्या ग्रीनविच नावाच्या गावच्या वेळेनं. तुमचा देश जितका पुढं असेल तितके तास मिळवा. आपण साडेपाच तास पुढं. मी उतरवून घेताना ही ओळ खाली राहिली होती. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत जो कोणी आला, तो माझ्या एक्सेलमध्ये कालच आला. बाबूसिंगनं बटन आणखी एक तासानं दाबलं असतं, तरी चाललं असतं. बाया आणखी एक तास कुडकुडल्या असत्या आणि चरखे मिळाले असते.

यज्ञेश्वररावांना सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून पंचांग काढलं आणि न उघडताच परत आत ठेवलं.

"म्हणजे कॉम्प्युटर पंचांग बघत नव्हता."

"नाही साहेब."

"मग बाराव्या बाईचं कसं जमलं?"

"योगायोग."

"योग पंचांगातच असतो," ते म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. मग त्यांनी स्वतः कोरा कागद घेतला, स्वतःच्या अक्षरात यवतमाळला पत्र लिहिलं, सगळी हकीकत मांडली आणि खाली "चूक या कार्यालयाची आहे" असं लिहून सही केली. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस असं वाक्य लिहीत नाही. मी म्हटलं, साहेब, माझं नाव घाला. ते म्हणाले, "कंत्राटी माणसाचं नाव पत्रात घालायची पद्धत नाही." मी दोषी असायलाही कायमस्वरूपी नव्हतो.

जिल्ह्याच्या समन्वयक शुभदा मॅडमचा दोन दिवसांनी फोन आला. बाई सज्जन. "संघदीप, मला पटतंय रे," त्या म्हणाल्या. "पण चरखे वाटून झालेत. त्यातल्या अकरा बायकांना आता उठवायचं का? काय सांगू त्यांना, तुम्ही बरोबर वेळेवर आलात म्हणून उठा?"

यावर मला विनोदसुद्धा सुचला नाही.

"मी वर पाठवते," त्या म्हणाल्या. वरच्यालाही वर असतं, हे मला तेव्हा कळलं.

वरून आठवड्यानं पत्र आलं. "संबंधित अर्जांवरील वेळ ग्रीनविच येथील असल्याचे आपण कळविले आहे. सबब सदर अकरा महिला नोंदणीसमयी ग्रीनविच येथे उपस्थित नव्हत्या याबाबतचा स्थानिक दाखला प्रत्येकी दोन प्रतींत सादर करावा." मी पत्र तीनदा वाचलं. एवढं गंभीर तोंड मलाही जमलं नसतं.

पण आशा वाईट असते. मी अकराही जणींच्या गावी मोटरसायकल फिरवली. आमच्या गावचे पोलीस पाटील भगवानराव यांच्या ओट्यावर मावशीला घेऊन गेलो. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"हे तुह्यं काम नाही ना बे संघ्या?"

"नाही वो पाटील. शिक्का पाहा."

त्यांनी शिक्का उजेडात धरून पाहिला आणि लिहायला घेतलं. "दाखला देण्यात येतो की, सदर महिला इंग्लंड देशी कधीही गेलेली नाही."

"नागपूरले गेलती म्हणा ना," मावशी म्हणाली. "दरसाली दसऱ्याले जातो आमी."

"नागपूर इंग्लंडात नाही वो बाई."

"नसू द्या. लपवाचं कायले? उद्या म्हणतीन, बाईनं बाहेर गेलेलं सांगतलं नाही. मंग हाय ती आशाबी जाईन."

भगवानरावांनी पाच मिनिटं समजावलं. मावशी हटली नाही. एका खोट्या तारखेनं तिचा चरखा गेला होता, आता ती कागदावर एक अक्षर कमी ठेवायला तयार नव्हती. शेवटी दाखला असा झाला: "सदर महिला इंग्लंड देशी कधीही गेलेली नाही (नागपूर वगळता)." त्यावर तिनं अंगठा उमटवला. या वेळी किती वाजले ते मी वहीत लिहून ठेवलं, भारतातल्या वेळेनं.

आठ जानेवारीला उत्तर आलं. तज्ज्ञांना दाखवलं होतं म्हणे. तज्ज्ञांच्या मते मशीननं नोंदवलेली संख्या अचूक आहे. संख्येची तारीख जागतिक प्रमाणवेळेनुसार अचूक आहे. मुदतपूर्व अर्ज बाद करण्याचा निर्णय नियमानुसार अचूक आहे. "सबब कोणत्याही टप्प्यावर चूक आढळून येत नाही. चूक नसल्याने कोणी दोषी नाही. कोणी दोषी नसल्याने दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही." खाली एक ओळ वेगळी होती. पंचफुलाबाईंनी नागपूर येथील वास्तव्याबाबत खुलासा करावा.

प्रक्रिया सुरळीत पार पडली, असं फाईलीत लिहिलं गेलं ते त्या दिवशी. उलटा शिक्का मीच मारला.

त्याच आठवड्यात मावशी वेचणीला गेली. फवारलेल्या पिकात जायचं नव्हतं, पण जानेवारीत आमच्याकडे वेचणीशिवाय दुसरं काही नसतं. तोंडाला फडकं बांधून गेली. चौथ्या दिवशी तिला परत पाठवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, तिला कापूस आणि वाळकं पान वेगळं दिसत नव्हतं, ओटीत दोन्ही येत होतं.

रविवारी दुपारी ती आमच्या अंगणात आली, पदरात तुरीच्या शेंगा घेऊन. मीठ घालून उकडलेल्या, गरम.

"तुह्यासाठी आणल्या," ती म्हणाली. "लय फिरला तू माह्यापायी. पाटलाकडे काय, यवतमाळले काय. कोण करते एवढं? वरच्याईशी भांडला."

शेंग माझ्या हातात होती. मी ती सोलू शकलो नाही.

"मावशी, ते वरून नाही आलं."

"मंग?"

"म्या केलं. तारीख म्या काढलती. त्यात साडेपाच घंटे मिळवाचे होते, म्या नाही मिळवले. तुह्या अंगठ्याचे साडेपाच घंटे म्या खाल्ले. अन् मले शंका आलती. तरी म्या तपासलं नाही, लोकाईले हसवत फिरलो."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी जन्मात केलं नसेल इतकं खरं तोंड केलं होतं. तिच्या ओठांचे कोपरे हलले. मग ती हसायला लागली.

"साडेपाच घंटे खाल्ले? पचले का बे तुले?"

"मावशी, खरं सांगून राह्यलो."

"पाह्य पाह्य, कसं तोंड केलं! ममते, इकडं ये वो! संघदीप म्हणते तारीख त्यानं खाल्ली!" हसता हसता तिला खोकला आला. खोकला थांबेना. मी आत जाऊन पाणी आणलं, तिची पाठ चोळली. तांब्या तोंडाला लावून ती दोन घोट प्याली आणि डोळे पुसत म्हणाली, "तू हाय म्हणून हसू येते बाप्पा. नाही तं काय हाय?"

मी आणखी दोनदा सांगितलं. प्रत्येक वेळी मी जास्त गंभीर झालो आणि ती जास्त हसली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बोअरच्या ओट्यावर पोरं मला विचारत होती, "संघदीपभौ, आज किती घंटे खाल्ले?"

जाताना ती सहज बोलल्यासारखं बोलली. "बुधवारी चाललो आमी. पुसदकडे, भट्टीवर. ममताबी येते. मले नीट दिसत नाही तं रांधाले तरी कोणी पायजे. तिचं नाव काढलं काल शाळेतून. मास्तर म्हणे, दाखल्यावर कारण काय लिहू? मी म्हटलं, लिव्हा वरून आलं."

बुधवारी सकाळी सव्वासातला त्या गेल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गोधडी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन. मी रस्त्यावर उभा होतो. ममता हात हलवत होती. मावशीनंही हलवला, पण माझ्याकडे नाही, शेजारच्या बाभळीकडे. तिला तेवढंच दिसलं असेल.

त्याच दिवशी कार्यालयात जाऊन मी खालील अर्ज केला. तो अद्याप विचाराधीन आहे.

प्रति,
मा. जिल्हा समन्वयक, यवतमाळ

विषय : अर्जदारास दोषी धरणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, मी, संघदीप, कंत्राटी संगणक चालक, कार्यालय दारव्हा, याने अकरा महिलांच्या नोंदणीची तारीख काढताना चूक केली असून, शंका येऊनही ती तपासली नाही. आपल्या कार्यालयाने दिनांक ८ जानेवारी २०१८ च्या पत्रान्वये कोणीही दोषी नसल्याचे कळविले आहे. सदर निर्णय अर्जदारास मान्य नाही. अर्जदाराने संबंधित महिलेस समक्ष भेटून तोंडी कबुली दिली असता ती ग्राह्य धरण्यात आली नाही.

तरी अर्जदारास दोषी धरून तसा लेखी आदेश काढण्यात यावा, तो जबाबदार अधिकाऱ्यामार्फत पुसद तालुक्यातील संबंधित विटभट्टीवर पंचफुलाबाई व त्यांची कन्या ममता यांना मोठ्याने वाचून दाखविण्यात यावा, आणि तो वाचून होईपर्यंत तेथे उपस्थित कोणीही हसणार नाही याची दक्षता घेण्यात यावी, ही नम्र विनंती.